दूरस्थ दुर्बीण आणि लहान मुलांचे खगोलशिक्षण : एक चिकित्सक आकलन

सारांश

परदेशातील वेधशाळेची दुर्बीण आपल्या शाळेतील संगणकावरून वापरता येणे ही गेल्या तीन दशकांत शक्य झालेली गोष्ट आहे. या सोयीचे समर्थन सामान्यतः तिच्याद्वारे मिळणाऱ्या छायाचित्रांच्या आधारे केले जाते. सहा ते दहा या वयोगटापुरता विचार केल्यास हे समर्थन अपुरे ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या वयातील मुलाला दूरस्थ दुर्बीण आकाशाच्या आधी पृथ्वी शिकवते. आपल्याकडे दुपार असताना तिकडे रात्र आहे, हा अनुभव आणि आकाश आपल्या सोयीने उघडत नाही, ही जाणीव हे तिचे दोन खरे लाभ होत. हे दोन्ही लाभ शिक्षकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहेत.

बीजसंज्ञा : दूरस्थ दुर्बीण, खगोलशिक्षण, प्राथमिक स्तर, पृथ्वीचे परिवलन, निरीक्षण.

प्रस्तावना

शालेय विज्ञानात खगोलशास्त्राची स्थिती काहीशी विचित्र आहे. वनस्पती, पाणी, माती यांचे निरीक्षण शाळेच्या वेळेत होऊ शकते. आकाशाचे निरीक्षण मात्र शाळा सुटल्यानंतर सुरू होते. त्यामुळे ताऱ्यांचा पाठ दिवसा, भिंतीवरच्या तक्त्याच्या साहाय्याने शिकवला जातो आणि तारे उगवतात तेव्हा शिक्षक जवळ नसतो. महाराष्ट्रात या अडचणीत आणखी एक भर पडते. आपले शैक्षणिक वर्ष बहुतांश भागात जूनमध्ये सुरू होते आणि त्याच सुमारास पावसाळाही. शाळेतील नव्या उत्साहाचे पहिले चार महिने आकाश बहुधा झाकलेले असते.

या पार्श्वभूमीवर दूरस्थ दुर्बिणीचे आकर्षण सहज समजण्यासारखे आहे. ती दिवसा रात्र आणून देते आणि पावसाळ्यात निरभ्र आकाश आणून देते, अशी तिची ओळख करून दिली जाते. महाविद्यालयांच्या विस्तारकार्यातही अशा उपक्रमांचा समावेश होऊ लागला आहे. अशा वेळी या साधनाची केवळ प्रशंसा न करता, लहान मुलाच्या दृष्टीने त्याचे मूल्यमापन करणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखक भूगोलाचा अध्यापक असल्याने त्याची दृष्टी थोडी वेगळी असेल, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

दूरस्थ दुर्बीण : स्वरूप आणि वाटचाल

दूरस्थ दुर्बीण म्हणजे निरीक्षक एका ठिकाणी आणि दुर्बीण दुसऱ्या ठिकाणी, अशी व्यवस्था. दुर्बिणीला डोळा लावण्याची जागा नसते. तेथे इलेक्ट्रॉनिक कॅमेरा असतो आणि त्याने टिपलेली प्रतिमा संगणक-जालामार्फत निरीक्षकापर्यंत पोहोचते.

शिक्षणासाठी असा वापर १९९० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथील २४ इंची दुर्बीण ‘टेलिस्कोप्स इन एज्युकेशन’ या उपक्रमातून शाळांना उपलब्ध झाली. ‘हँड्स-ऑन युनिव्हर्स’ या उपक्रमात विद्यार्थी वेधशाळेकडे प्रतिमांची मागणी नोंदवू लागले. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील दोन शालेय विद्यार्थिनींनी मागवलेल्या एम ५१ या दीर्घिकेच्या प्रतिमांत एका सुपरनोव्हाचा अगदी आरंभीचा प्रकाश टिपला गेला. या घटनेने साऱ्या चळवळीला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच दशकात हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राने ‘मायक्रोऑब्झर्व्हेटरी’ उभारली. तिच्या दुर्बिणी अवघ्या सहा इंच व्यासाच्या आहेत. वापरणाऱ्याने पदार्थ निवडायचा, प्रकाशन-काळ ठरवायचा आणि प्रतिमेची वाट पाहायची, अशी तिची रीत आहे.

२००० नंतर दुर्बिणींचा आकार वाढला. डिल फॉक्स यांच्या न्यासाच्या साहाय्याने हवाई बेटांतील हालेआकाला या सुमारे ३,००० मीटर उंचीच्या ज्वालामुखी पर्वतावर आणि ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथे प्रत्येकी दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली. या दुर्बिणींमागे ब्रिटनमधील शाळांच्या वापराचा हेतू प्रधान होता. २००५ मध्ये त्या ‘लास कुंब्रेस’ वेधशाळेच्या जाळ्यात समाविष्ट झाल्या. आज हे जाळे चिली, दक्षिण आफ्रिका, टेनेरिफ, टेक्सास अशा अनेक स्थळी पसरलेले आहे. याच काळात लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाने ला पाल्मा बेटावर आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभारली. तिच्या निरीक्षणकाळाचा सुमारे दहावा भाग ‘नॅशनल स्कूल्स ऑब्झर्व्हेटरी’ या उपक्रमासाठी राखण्यात आला.

महाराष्ट्रातील वाचकाला यातील एक दुवा माहीत असणे योग्य होईल. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची गिरवली येथील दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये कार्यान्वित झाली. हालेआकाला, सायडिंग स्प्रिंग आणि ला पाल्मा येथील दुर्बिणी घडवणाऱ्या इंग्लंडमधील कंपनीनेच ती बनवली आहे. म्हणजे ब्रिटनमधील शाळकरी मुले ज्या दुर्बिणी वापरत आली, त्यांची एक सख्खी बहीण पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत संशोधनासाठी उभी आहे.

कार्यपद्धतीच्या दृष्टीने या सर्व उपक्रमांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात ठरावीक वेळ शाळेला मिळते आणि त्या वेळेत दुर्बीण प्रत्यक्ष चालवता येते. याला थेट नियंत्रण म्हणू. दुसऱ्या प्रकारात मागणी नोंदवली जाते. दुर्बीण हवामान आणि इतर कामे पाहून ती पूर्ण करते आणि प्रतिमा नंतर येते. याला मागणी-पद्धती म्हणू. तांत्रिक दृष्टीने दुसरी पद्धत अधिक काटकसरीची असल्याने मोठ्या दुर्बिणींचा कल तिच्याकडे वळला. लहान मुलांच्या दृष्टीने मात्र या दोन पद्धती दोन वेगळ्या गोष्टी शिकवतात. त्याचा विचार पुढे येईल.

येथे एक निरीक्षण नोंदवणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेल्या उपक्रमांपैकी बहुतेकांची मूळ आखणी माध्यमिक व त्यापुढील विद्यार्थ्यांना समोर ठेवून झाली. नवा शोध, मोजमाप, संशोधनात सहभाग ही त्यांची मूल्ये होती. प्राथमिक वर्गांसाठीचे साहित्य नंतर तयार झाले आणि ते बऱ्याचदा मोठ्यांच्या कार्यक्रमाची सोपी आवृत्ती या स्वरूपाचे राहिले. याउलट लायडन विद्यापीठातील जॉर्ज मायली यांच्या कल्पनेतून आकाराला आलेला ‘युनिव्हर्स अवेअरनेस’ हा उपक्रम चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठीच होता. त्याने निवडलेल्या मुख्य साधनांपैकी एक होते हवा भरून फुगवायचा पृथ्वीचा चेंडू. लहान मुलांचा विचार मुळापासून करणारा उपक्रम दुर्बिणीऐवजी पृथ्वीच्या गोळ्यापाशी येऊन थांबला, ही बाब सूचक आहे.

लहान मूल आणि गोल पृथ्वी

स्टेला व्होस्निआडू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात महत्त्वाचे आहे. पृथ्वीचा आकार कोणता, असे विचारल्यावर प्राथमिक शाळेतील मुले ‘गोल’ असे उत्तर देतात. मात्र अधिक विचारपूस केली असता त्यांच्या मनातील पृथ्वी निरनिराळ्या आकारांची निघते. काहींची पृथ्वी ताटासारखी चपटी गोल असते. काहींना ती पोकळ गोळ्यासारखी वाटते आणि आपण तिच्या आत सपाट जमिनीवर राहतो, असे ती मानतात. काहींच्या मनात तर दोन पृथ्वी असतात : एक पायाखालची सपाट आणि दुसरी आकाशात असलेली गोल, जिच्याविषयी शाळेत शिकवले जाते. याच संशोधकांनी आला समरपुंगवन यांच्यासह हैदराबादमधील मुलांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मुलांच्या उत्तरांवर पारंपरिक विश्वकल्पनांची छाया दिसून आली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी गोल पृथ्वीचे आकलन आकृत्यांच्या आधारे कसे घडवता येईल, याचा अभ्यास केला आहे.

या संशोधनावर आक्षेपही घेतले गेले. गॅव्हिन नोब्स, मायकेल सीगल आदींच्या मते प्रश्न विचारण्याच्या पद्धतीमुळेच मुलांची उत्तरे गोंधळलेली दिसतात. मुलाच्या मनात सुसंगत चुकीचे प्रतिरूप असतेच असे नाही; त्याचे ज्ञान तुकड्यातुकड्यांचे असते. हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. दोन्ही पक्षांना मान्य होईल अशी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ‘पृथ्वी गोल आहे’ हे वाक्य मुलाला लवकर पाठ होते. मात्र ज्या जमिनीवर आपली शाळा उभी आहे तीच ही गोल पृथ्वी, हे त्याला उशिरा पटते.

मग अशा मुलाला एम ५१ दीर्घिकेचे छायाचित्र दाखवून आपण नेमके काय साधतो? ज्याची पृथ्वी अजून दुभंगलेली आहे, त्याच्यापुढे कोट्यवधी प्रकाशवर्षांवरील चक्राकार आकृती ठेवली तर तो तिच्याकडे नक्षी म्हणून पाहील. नक्षी पाहण्यात गैर काही नाही. मात्र त्यासाठी ज्वालामुखीच्या माथ्यावर दोन मीटरचा आरसा बसवण्याची गरज नव्हती. चांगल्या छपाईचे पुस्तक पुरे होते.

दुपारच्या शाळेतील रात्र

दूरस्थ दुर्बिणीपाशी मात्र पुस्तकाजवळ नसलेली एक गोष्ट आहे. ती म्हणजे दुसऱ्या जागेचे ‘आत्ता’.

हालेआकाला सुमारे १५६ अंश पश्चिम रेखांशावर आहे. भारताचे प्रमाण रेखावृत्त ८२ अंश ३० मिनिटे पूर्व. हवाईचे घड्याळ आपल्या मागे साडेपंधरा तास चालते. आपल्याकडे सोमवारी दुपारचे बारा वाजतात, तेव्हा तेथे रविवारच्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. आपली शाळा दुपारी साडेतीनला मैदानावर खेळत असते, तेव्हा तेथे मध्यरात्र असते. अकरा ते पाच या वेळेत भरणाऱ्या शाळेचा जवळजवळ सारा दिवस म्हणजे हवाईची रात्र होय. ब्रिटनमधील शाळांना सकाळच्या तासाला हवाईची मध्यरात्र लाभते; आपल्याला तिसऱ्या प्रहरी लाभते. सकाळच्या सत्रात भरणाऱ्या शाळेला चिलीची रात्र उपयोगी पडेल. जूनमध्ये आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजतात, तेव्हा सायडिंग स्प्रिंगला रात्रीचे आठ वाजून गेलेला आकाशभाग डोक्यावर येऊ लागलेला असतो.

ही आकडेवारी आपल्याला किरकोळ वाटते, कारण परदेशातील नातेवाइकांशी बोलताना आपण ती रोज गृहीत धरतो. सात वर्षांच्या मुलासाठी मात्र ती मोठी घटना आहे. खिडकीबाहेर ऊन आहे आणि पडद्यावर, याच क्षणी, अंधार आहे. सूर्य विझलेला नाही. तो आपल्या वाट्याला आलेला आहे. ‘रात्र’ ही साऱ्या जगाला एकाच वेळी येणारी गोष्ट नसून ती पृथ्वीवरची एक जागा आहे, हे येथे प्रथम जाणवू शकते. सपाट पृथ्वीवर ही घटना समजावून सांगता येत नाही. गोल आणि फिरणाऱ्या पृथ्वीवर ती सहज समजते. पृथ्वीच्या गोळ्यावर महाराष्ट्राच्या जागी एक लाल टिकली आणि हवाईच्या जागी दुसरी टिकली लावावी, खोलीत अंधार करावा आणि बॅटरीच्या उजेडात गोळा पश्चिमेकडून पूर्वेकडे सावकाश फिरवावा. एक टिकली उजेडात येते तेव्हा दुसरी अंधारात जाते. पडद्यावर दिसलेली रात्र आणि हातातील गोळा यांची गाठ येथे पडते. पायाखालची पृथ्वी आणि शाळेत शिकवलेली पृथ्वी एकच आहे, असे म्हणण्यास मुलाला आधार मिळतो.

या पाठाची पूर्वतयारी आपल्या घरांत आधीच झालेली असते, याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयाची वाट पाहण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. त्या दिवशीच्या चंद्रोदयाच्या वेळा दिनदर्शिकेत आणि वृत्तपत्रांत गावोगावच्या निरनिराळ्या दिलेल्या असतात. नागपूर आणि मुंबई यांच्या रेखांशांत सुमारे सहा अंशांचा फरक आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून नागपूरची मावशी मुंबईच्या बहिणीपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी जेवायला बसू शकते. ‘मावशीकडे चंद्र आधी का उगवतो?’ हा प्रश्न तिसरीच्या वर्गात विचारता येतो. त्याचे उत्तर पंचवीस मिनिटांपासून साडेपंधरा तासांपर्यंत ताणत नेणे, हाच दूरस्थ दुर्बिणीचा पहिला पाठ असावयास हवा. यात व्रताचा पुरस्कार नाही आणि उपहासही नाही. मुलाच्या अनुभवात असलेले निरीक्षण वर्गात आणणे एवढेच यात आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा जो आग्रह धरला, त्याचेही हे एक उदाहरण ठरेल.

चित्राचे मोल आणि मर्यादा

आता प्रतिमेकडे वळू. येथे दूरस्थ दुर्बिणीचे समर्थक आणि प्रस्तुत लेखक यांचा मतभेद आहे.

पहिली मर्यादा दृष्टिक्षेत्राची. लहान मुलाच्या सर्वाधिक परिचयाचा आकाशस्थ गोल म्हणजे चंद्र. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्यामागे पूर्ण चंद्र झाकला जातो. त्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश आहे. दोन मीटरच्या या मोठ्या दुर्बिणींचे दृष्टिक्षेत्र त्याच्या साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी. म्हणजे मुलाला जो चंद्र पाहायचा असतो, तो अखंड दाखवणे या भव्य यंत्राला एका प्रतिमेत शक्य नसते. ‘मायक्रोऑब्झर्व्हेटरी’ची सहा इंची दुर्बीण मात्र संपूर्ण चंद्र दाखवते. लहान मुलांसाठी दुर्बीण निवडताना मोठा आरसा म्हणजे चांगले शिक्षण, हे समीकरण येथे उलटे पडते.

दुसरी मर्यादा रंगांची. वेधशाळेचे कॅमेरे सामान्यतः एका वेळी एका गाळणीतून येणारा प्रकाश टिपतात आणि ती प्रतिमा करड्या छटांची असते. निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमांना रंग देऊन त्या एकत्र केल्या की रंगीत चित्र तयार होते. ही प्रक्रिया खोटी नाही, मात्र ती प्रक्रिया आहे. रंगीत चित्रांना सरावलेल्या मुलाच्या हाती स्वतः मागवलेली करडी प्रतिमा येते, तेव्हा त्याची निराशा होते. अनेक ठिकाणी ही निराशा टाळण्यासाठी तयार रंगीत चित्र दाखवले जाते. खरे पाहता करड्या प्रतिमेवर मुलांना स्वतः रंग निवडू देणे, हा त्या प्रक्रियेचा उत्तम पाठ ठरू शकतो.

तिसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. ऑस्ट्रेलियातून पाहणाऱ्या माणसाला चंद्र आपल्या तुलनेत उलटा दिसतो. गोल पृथ्वीवर आपण वेगवेगळ्या बाजूंनी उभे आहोत, याचा हा सुंदर पुरावा आहे. खगोलीय प्रतिमा मात्र उत्तर दिशा वर ठेवून मांडण्याचा संकेत आहे. त्यामुळे सायडिंग स्प्रिंगचा चंद्र आपल्या चंद्रासारखाच सरळ होऊन येतो आणि निरीक्षकाची जागा चित्रातून पुसली जाते. शास्त्रज्ञाला हे सोयीचे आहे. मुलाचे मात्र यात नुकसान आहे. मुलाने स्वतः अंगणात उभे राहून काढलेले चंद्राचे चित्र हे या प्रतिमेच्या शेजारी असल्याशिवाय प्रतिमा काहीच सांगत नाही.

‘आत्ता’ या शब्दाची विश्वासार्हता

येथपर्यंतचे विवेचन एका गृहीतावर उभे आहे. पडद्यावर दिसणारी रात्र खरोखर या क्षणाची आहे, हे ते गृहीत. या संदर्भात एक अनुभव नोंदवणे प्रस्तुत लेखकास आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या विस्तारकार्याचा भाग म्हणून एका ग्रामीण प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांसाठी दूरस्थ दुर्बिणीचे सत्र ठेवले होते. आषाढाचे दिवस होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मुले तासभर आधीच येऊन बसली होती. ठरलेल्या वेळी असे कळले की वेधशाळेच्या ठिकाणी हवामान बिघडल्यामुळे घुमट बंद आहे. मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून आधी साठवलेली एक प्रतिमा दाखवावी, असे आयोजकांपैकी एकाने सुचवले आणि प्रस्तुत लेखकाने ते मान्य केले. प्रतिमा पडद्यावर आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतील एका मुलीने विचारले, “सर, हे आत्ताचंच आहे का?” उत्तर दिले गेले, “हो.” तिने क्षणभर खिडकीकडे पाहिले आणि पुन्हा विचारले, “मग तिथं ढग नाहीत का? आपल्याकडं तर आहेत.” यावर काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

त्या दिवशी वर्गात खरा शास्त्रीय प्रश्न एकच विचारला गेला आणि तो त्या मुलीने विचारला. प्रतिमेला संदर्भ असतो, जागा असते, हवामान असते, हे तिला कोणी न शिकवता उमगले होते. त्या प्रश्नाचे खरे उत्तर उपलब्ध होते आणि ते चित्रापेक्षा मोलाचे होते : ‘तिथेही ढग आहेत. म्हणून दुर्बीण बंद आहे. आपण उद्या पुन्हा विचारू.’ दोन दूरच्या ठिकाणी दोन वेगळे ढग आहेत आणि त्यांपुढे दोन मीटरचा आरसाही हतबल आहे, ही माहिती तिला मिळाली असती. ती नाकारली गेली. दोष यंत्राचा नव्हता, आयोजकांचाही नव्हता. उत्तर देणाऱ्याचा होता.

या अनुभवाचा तात्त्विक अर्थ असा की, दूरस्थ दुर्बीण आणि चित्रांचे पुस्तक यांच्यातील फरक मुलाला डोळ्यांनी दिसत नाही. दोन्हीकडे सपाट पृष्ठभागावर आकृतीच असते. ‘हे आत्ताचे आहे’ आणि ‘हे तू मागितलेस म्हणून आले आहे’ ही दोन विधाने म्हणजेच तो फरक, आणि ती दोन्ही विधाने मूल केवळ शिक्षकाच्या शब्दावर स्वीकारते. तो शब्द खोटा ठरला तर उपक्रमात उरते ते पडद्यावरचे चित्र. अशी साठवलेली प्रतिमा ‘थेट’ म्हणून दाखवण्याचा मोह प्रत्येक आयोजकाला पडू शकतो, कारण कार्यक्रमाच्या अहवालात टाळ्यांची नोंद होते, ढगांची होत नाही.

येथे मागणी-पद्धतीचे एक वेगळे मूल्य लक्षात येते. थेट सत्रात तीस मुलांमध्ये एकजण कळ दाबतो आणि बहुधा तो शिक्षकच असतो. मागणी-पद्धतीत प्रत्येक मुलाची स्वतंत्र मागणी नोंदवता येते आणि तिच्यासाठी वाट पाहावी लागते. आज आली नाही, उद्याही आली नाही, परवा आली, हा क्रम मुलाला निरीक्षणाचे खरे स्वरूप शिकवतो. थेट पद्धत ‘तिथे आत्ता रात्र आहे’ हे शिकवते. मागणी-पद्धत ‘आकाश आपल्या वेळापत्रकाने चालत नाही’ हे शिकवते. प्राथमिक स्तरावर या क्रमाने दोन्हींचा एकेकदा अनुभव देणे पुरेसे आहे. वर्षभर दर आठवड्याला सत्रे घेण्याने त्यात विशेष भर पडत नाही.

एका आक्षेपाचा विचार

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, इतका खटाटोप करण्यापेक्षा मुलांना रात्री मैदानात नेऊन साध्या दुर्बिणीतून शनीची कडी दाखवावी. हा आक्षेप बऱ्याच अंशी योग्य आहे. डोळा लावून पाहिलेल्या लहानशा, थरथरत्या शनीची बरोबरी कोणतीही प्रतिमा करू शकत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात आकाश अजून पुष्कळ ठिकाणी काळोखे आहे आणि हौशी आकाशनिरीक्षकांची मंडळे अनेक शहरांत आहेत. दूरस्थ दुर्बीण ही या अनुभवाची जागा घेऊ शकत नाही आणि तिने ती घेऊही नये.

तथापि अंगणातील दुर्बीण एक गोष्ट देऊ शकत नाही. ती पाहणाऱ्याला त्याच्याच रात्रीत ठेवते. दुसऱ्या कोणाच्या रात्रीची जाणीव ती करून देत नाही. म्हणून या दोहोंकडे स्पर्धक म्हणून न पाहता क्रम म्हणून पाहणे इष्ट ठरेल. प्रथम उघड्या डोळ्यांनी पाहिलेले आणि वहीत उतरवलेले स्वतःचे आकाश, नंतर जवळची लहान दुर्बीण आणि शेवटी दूरची रात्र. हा क्रम उलटा झाल्यास मुलाला आकाश ही पडद्यावरची वस्तू वाटू लागण्याचा धोका संभवतो.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षित करता येणार नाही. या उपक्रमांचे नियंत्रण-पटल आणि शैक्षणिक साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत आहे. त्यामुळे मराठी माध्यमाच्या शाळेत मूल आणि दुर्बीण यांच्यामध्ये भाषांतर करणारा प्रौढ उभा राहतो आणि निर्णय त्याच्या हाती जातात. पदार्थाची निवड, प्रकाशन-काळ आणि मागणीमागचे कारण एवढ्या तीन गोष्टी मुलाने मराठीत लिहून देण्याचा एक साधा कागदी तक्ता केला, तरी निर्णय पुन्हा मुलाकडे येऊ शकतो. हे काम आपल्या महाविद्यालयांतील विज्ञान, भूगोल आणि मराठी विभाग एकत्रितपणे करू शकतील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. सहा ते दहा वयोगटासाठी दूरस्थ दुर्बिणीचे प्रमुख मूल्य दूरच्या पदार्थांच्या प्रतिमांत नसून, एकाच वेळी दोन ठिकाणी दिवस आणि रात्र असण्याच्या अनुभवात आहे. त्या अर्थाने ती प्रथम भूगोलाचे आणि नंतर खगोलाचे साधन ठरते.

२. पृथ्वीचा गोळा, संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा आणि मुलाने स्वतः काढलेले चंद्राचे चित्र यांची पूर्वतयारी नसल्यास प्रतिमा केवळ नक्षी ठरते.

३. मोठ्या व्यासाची दुर्बीण लहान मुलांसाठी अधिक उपयुक्त असतेच असे नाही. संपूर्ण चंद्र दाखवणारी लहान दुर्बीण या वयाला अधिक अनुरूप आहे.

४. ढग, बंद घुमट आणि विलंब या बाबी उपक्रमातील त्रुटी म्हणून लपवू नयेत. त्या पाठाचाच भाग मानाव्यात. साठवलेली प्रतिमा दाखवणे गैर नाही, मात्र ती साठवलेली आहे, हे सांगितले गेले पाहिजे.

५. अशा उपक्रमांचे मूल्यमापन किती प्रतिमा मिळाल्या यावर न करता मुलांनी कोणते प्रश्न विचारले आणि त्यांतील कितींना खरी उत्तरे मिळाली, यावर व्हावे.

पाचव्या निष्कर्षाच्या कसोटीवर वर उल्लेखिलेले सत्र अनुत्तीर्ण ठरते. त्यानंतरच्या वर्षी त्याच शाळेत पुन्हा सत्र घेण्यात आले. या वेळी वेधशाळेवरील आकाश निरभ्र होते. तरीही आरंभी मुलांना गेल्या वर्षीच्या ढगांची हकीकत सांगण्यात आली आणि त्या दिवशी दिलेले उत्तर चुकीचे होते, हेही सांगण्यात आले. ती मुलगी तोपर्यंत पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेली होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापर्यंत पोहोचले नाही, ही उणीव या लेखानेही भरून निघणारी नाही.